करियातु, सदाफुली आणि शहाण्णव खळगे

वडोदऱ्यात मांडवीच्या आसपास देशी ओसडियांची, म्हणजे जडीबुटीची, जी जुनी दुकाने आहेत, त्यांपैकी एकात काही वर्षांपूर्वी मी पाव किलो करियातु मागितले, तेव्हा गल्ल्यावरच्या काकांनी दोन डबे पुढे ओढले आणि 'कयुं आपुं, बेन?' (कोणते देऊ, ताई?) असे विचारले. एका डब्यात हिरवट पाने आणि चौकोनी बारीक काड्या होत्या, तर दुसऱ्यात पिवळट तपकिरी रंगाच्या जाड, वाळक्या काड्या होत्या. दोन्ही तोंडात धरवत नाहीत इतक्या कडू असतात, दोन्ही तापावरच्या काढ्यात पडतात आणि दोन्हींना गिऱ्हाईक करियातुच म्हणते. आपल्या मराठी घरांत पहिल्याला पाले किराईत आणि दुसऱ्याला काडेचिराईत म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र या दोघांचे नाते काहीच नाही, कारण पहिले अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा हे अडुळशाच्या कुळातले आहे आणि दुसरे स्वर्शिया चिरायिता हे हिमालयातून येणारे, अगदी वेगळ्या कुळातले आहे. काकांनी पुढे 'मोठ्या माणसाला द्यायचे आहे की मुलाला?' असे विचारले, आणि मी 'कोणालाच नाही, पेशींना द्यायचे आहे' असे सांगितल्यावर त्यांनी दोन्ही डबे माझ्यासमोर ठेवून दिले आणि हवे ते घ्या म्हणाले.

मला त्या दिवशी दोन्ही घ्यावे लागले, आणि औषधी वनस्पतींचे अर्क ल्युकेमियाच्या पेशींवर तपासण्याच्या कामातली पहिली अडचण इथेच, पुडी बांधण्याच्या आधीच, सुरू होते. वर्तमानपत्रांत अधूनमधून 'अमुक वनस्पतीच्या अर्काने रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी नष्ट झाल्या' अशी बातमी येते. ती बहुतेक वेळा खोटी नसते. पण ती वाचणारा माणूस तिच्यातून जे समजतो ते आणि प्रयोगशाळेत प्रत्यक्ष जे घडलेले असते ते, या दोहोंत फार मोठे अंतर असते, आणि ते अंतर नेमके कुठे पडते हे कळण्यासाठी प्रयोग कसा करतात ते पाहिले पाहिजे.

ल्युकेमिया म्हणजे अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतल्या रक्त तयार करणाऱ्या ऊतीत, सुरू होणारा कर्करोग. तिथे पांढऱ्या पेशी घडत असताना एखादी पेशी बिघडते, पूर्ण वाढ न होताच विभागत राहते, आणि तिची पिल्लावळ इतकी वाढते की चांगल्या पेशींना जागा उरत नाही; म्हणून रुग्णाला पंडुरोग होतो, वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि साध्या खरचटण्यानेही रक्त थांबत नाही. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो याने १८४५ मध्ये अशा रक्ताचे वर्णन 'पांढरे रक्त' असे केले आणि १८४७ मध्ये त्याला ल्युकेमिया हे ग्रीक मुळांचे नाव दिले. तीव्र आणि दीर्घकालीन, लिम्फॉइड आणि मायलॉइड (ही पेशींच्या दोन वंशांची नावे), अशा जोड्यांतून त्याचे चार मुख्य प्रकार होतात. एकाचे औषध दुसऱ्याला चालेलच असे नाही, म्हणून 'ल्युकेमियावर गुणकारी' हे शब्द कानावर आले की 'कोणत्या?' हा प्रश्न लगेच विचारावा.

प्रयोगशाळेला या पेशी आवडतात, याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. यकृताच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढतात आणि दरवेळी त्या विकर (एन्झाइम) घालून सोडवाव्या लागतात, तर ल्युकेमियाच्या पेशी रक्तातल्याच असल्यामुळे मीडियममध्ये, म्हणजे पोषक द्रवात, सुट्या तरंगतात आणि साधारण दिवसा-दीड दिवसात दुप्पट होतात. ज्या पेशींवर जगभर ही तपासणी होते त्या वर्षानुवर्षे वाढवत ठेवलेल्या असतात आणि त्यांना सेल लाइन म्हणतात. के-५६२ ही लाइन दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया शेवटच्या टप्प्यावर गेलेल्या एका ५३ वर्षांच्या स्त्रीच्या छातीतल्या पाण्यातून मिळाली. एचएल-६० ही ३६ वर्षांच्या एका स्त्रीच्या रक्तातून, तर जर्कॅट ही १४ वर्षांच्या एका मुलाच्या रक्तातून आली. या तिन्ही १९७०च्या दशकातल्या आहेत. ती माणसे गेली, पण त्यांच्या पेशी आजही इन्क्युबेटरमध्ये विभागत आहेत, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना प्रत्येक विद्यार्थी क्षणभर गप्प होतो. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या भांडारातून अशा लाइन मागवता येतात. त्या उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात आणि कामाच्या वेळी ३७ अंश तापमानाला, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हवेत, वासराच्या गर्भाचे सीरम घातलेल्या लालसर मीडियममध्ये वाढवतात. हा रंग निव्वळ सूचनेसाठी असतो: सकाळी फ्लास्क पिवळसर दिसला तर पेशी उपाशी आहेत असे आमच्यात म्हणतात, आणि पिवळा व गढूळ दिसला तर आत जीवाणू शिरले असे समजून तो फेकून देतात.

आता अर्काकडे वळू. आणलेली वनस्पती नेमकी कोणती आहे हे आधी जाणकाराकडून ठरवून घ्यावे लागते आणि तिचा दाबून वाळवलेला एक नमुना क्रमांक घालून वनस्पतिसंग्रहात ठेवावा लागतो, म्हणजे दहा वर्षांनी कोणाला शंका आली तर मूळ फांदी काढून दाखवता येते. आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात असा संग्रह आहे, आणि जगभरच्या संग्रहांच्या यादीत तो 'बारो' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. बाजारातल्या पुडीवर हे काम भागत नाही, कारण तिच्यात फुले नसतात, पाने चुरलेली असतात आणि करियातुसारखे एकच नाव दोन वनस्पतींना दिलेले असते. या कडूपणाच्या गोंधळात पाले किराईतावर काही शोध झाला आणि रुग्णाने काडेचिराईत उकळून प्यायले, असे सहज होऊ शकते.

पुढची रीत स्वयंपाकघरातल्यासारखीच आहे. पाला उन्हात नव्हे तर सावलीत वाळवायचा, दळायचा आणि द्रावकात भिजवायचा. हेक्सेन तेलकट घटक ओढून घेते, इथाइल ॲसिटेट मधल्या प्रकृतीचे घटक घेते, मिथेनॉल आणि पाणी अधिकाधिक पाण्यात विरघळणारे घटक घेतात, त्यामुळे एकाच पाल्याचे चार अर्क चार निरनिराळे पदार्थ असतात. घरचा काढा हा यांपैकी फक्त पाण्याचा अर्क असतो, आणि कर्करोगाच्या पेशींवर सर्वांत जोरकस परिणाम पुष्कळदा हेक्सेन किंवा इथाइल ॲसिटेटच्या अर्कात आढळतो, म्हणजे जो घटक काढ्यात जवळजवळ उतरतच नाही त्यात. मग द्रावक कमी दाबाखाली उडवून जो चिकट, हिरवाकाळा गोळा उरतो तो तोलून डीएमएसओ नावाच्या द्रवात विरघळवतात, आणि डीएमएसओ स्वतःही पेशींना मारक असल्यामुळे शेवटच्या मिश्रणात त्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी राहील असे पाहतात. (जाता जाता सांगायचे तर, १९०७ मध्ये आपल्या शहरात सुरू झालेल्या आणि आरंभी मद्यार्क व टिंक्चर बनवणाऱ्या कारखान्याचे नाव अलेंबिक आहे, आणि अलेंबिक हे मुळात अर्क उतरवण्याच्या भांड्याचेच नाव आहे. अलेंबिक रोडवरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.)

खरी परीक्षा तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या एका प्लेटवर होते. तिच्यात आठ ओळी आणि बारा स्तंभ मिळून ९६ खळगे असतात. कडेच्या ३६ खळग्यांतले पाणी लवकर उडते, म्हणून काळजीपूर्वक काम करणारे त्यांत नुसता द्रव भरतात आणि आतले ६०च वापरतात. त्याआधी पेशी मोजायच्या असतात. ट्रायपॅन ब्लू नावाचा निळा रंग पेशींत मिसळतात. जिवंत पेशी तो आत येऊ देत नाही, मेलेली देते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी चमकदार पांढऱ्या आणि मेलेल्या निळ्या दिसतात. रेघा आखलेल्या काचेवरच्या चार कोपऱ्यांतल्या चौकोनांत सरासरी ६० जिवंत पेशी दिसल्या, तर रंग समप्रमाणात मिसळल्याबद्दल त्याची दुप्पट आणि मग दहा हजारपट करून मिलिलिटरमागे १२ लाख पेशी आहेत असा हिशेब निघतो. त्यावरून प्रत्येक खळग्यात साधारण १०,००० पेशी जातील असे मीडियम घालून पातळ करतात. मग अर्काच्या निम्म्या-निम्म्या उतरत्या मात्रा, म्हणजे मिलिलिटरला २००, १००, ५०, २५ मायक्रोग्रॅम अशा, प्रत्येकी तीन खळग्यांत घालतात; काही खळग्यांत फक्त डीएमएसओ, काहींत एखादे माहितीतले कर्करोगाचे औषध आणि काहींत पेशींविना नुसते मीडियम ठेवतात, आणि प्लेट ४८ तास इन्क्युबेटरमध्ये बंद करतात.

दोन दिवसांनी प्रत्येक खळग्यात एमटीटी नावाचे पिवळे रसायन घालतात. ही चाचणी टिम मॉसमन या शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये मांडली आणि स्वस्त व सोपी असल्यामुळे ती घरोघरी, म्हणजे प्रयोगशाळोप्रयोगशाळी, पोहोचली. जिवंत पेशीतली विकरे, विशेषतः तंतुकणिकांमधली, या पिवळ्या रसायनाचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात. मेलेली पेशी ते करू शकत नाही. तीन-चार तासांनी वरचे पाणी काढून स्फटिक डीएमएसओत विरघळवले की जांभळा रंग जितका गडद, तितक्या जिवंत पेशी जास्त, आणि तो रंग यंत्र ५७० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजते. समजा उपचार न केलेल्या खळग्याचे वाचन ०.९० आले, पेशी नसलेल्याचे ०.१० आणि अर्क घातलेल्याचे ०.५० आले, दोहोंतून ०.१० वजा केले की ०.८० पैकी ०.४० उरतात, म्हणजे निम्म्या पेशी जिवंत आहेत. ज्या मात्रेला असे निम्मे होते तिला आयसी-५० म्हणतात, आणि हा आकडा जितका लहान तितका अर्क जोरकस. कच्च्या अर्काचा आयसी-५० मिलिलिटरला २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या आत असला तरच पुढे जाण्यात अर्थ आहे, असा साधारण संकेत अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या कामावरून रूढ झाला आहे. शुद्ध केलेल्या घटकासाठी तो ४ मायक्रोग्रॅम इतका कडक आहे. बातमीत ५०० मायक्रोग्रॅमचा आकडा दिसला, तर तो अर्क निष्क्रियच समजावा, कारण इतक्या दाट मात्रेला चहाची पूडही पेशींना त्रास देते.

तरंगणाऱ्या पेशींचा एक जाच इथे सांगितला पाहिजे. चिकटून वाढणाऱ्या पेशींवरचे पाणी सरळ उलटे करून ओतता येते, पण ल्युकेमियाच्या पेशी स्फटिकांसह पाण्याबरोबर निघून जातात, त्यामुळे आधी प्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्या तळाला बसवाव्या लागतात आणि मग पिपेटचे टोक खळग्याच्या भिंतीला लावून, हात न हलवता, वरचा द्रव ओढावा लागतो. हात हलला की पेशी गेल्या, आणि पेशी गेल्या की अर्काने मारल्या असा आकडा हाती येतो! नवशिक्याच्या हातून लागलेले कित्येक 'शोध' या एका पायरीवर जन्माला आले असतील, असा माझा अंदाज आहे.

उलट दिशेची चूक मी स्वतः केली आहे. आवळ्याच्या अर्काच्या सर्वांत दाट मात्रेला माझ्या प्लेटने शंभरातल्या एकशे चाळीस पेशी जिवंत दाखवल्या, आणि आवळ्याने पेशींचे पोषण होते की काय असा विचार करत मी दोन दिवस वहीत टिपणे केली. मग कोणीतरी सुचवल्यावरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर आत फक्त फुटक्या पेशींचा कचरा होता. झाले होते एवढेच की आवळ्यातले क जीवनसत्त्व आणि टॅनिन हे स्वतःच एमटीटीला जांभळे करतात, त्यासाठी पेशी लागतच नाहीत. पेशी न घालता फक्त अर्क आणि एमटीटी असे तीन खळगे ठेवले असते, तर ते पहिल्याच दिवशी कळले असते. त्यानंतर असे खळगे न ठेवलेली कोणतीही प्लेट मी वाचायला घेतली नाही. हिरडा, डाळिंबाची साल, हिरवा चहा, असे तुरट पदार्थ सगळेच या बाबतीत लबाड आहेत. त्यांतली काही रसायने मीडियममध्ये विरघळताच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि पेशी त्यानेच मरतात. शरीरात तसे घडत नाही, कारण रक्तात ते पेरॉक्साइड फोडणारे कॅटॅलेज नावाचे विकर मुबलक असते. अर्काबरोबर थोडे कॅटॅलेज घालून पाहावे, आणि परिणाम नाहीसा झाला तर तो वनस्पतीचा गुण नव्हे, बाटलीतला अपघात होता असे समजावे.

प्लेटवर रंग फिका पडला म्हणजे पेशी मेल्याच असेही नाही, त्यांची वाढ नुसती थांबलेली असू शकते. म्हणून पुढची पायरी 'मेल्या की थांबल्या, आणि मेल्या तर कशा?' ही असते. पेशीला नियोजनबद्ध मरण येते त्याला अ‍ॅपोप्टोसिस म्हणतात: ती आक्रसते, तिच्या पृष्ठभागावर फोड उठतात, आतला डीएनए ठरावीक लांबीच्या तुकड्यांत कापला जातो आणि शेजाऱ्यांना त्रास न देता ती विरून जाते. विषामुळे आलेल्या आडदांड मरणात पेशी फुगून फुटते. हे दोन प्रकार वेगळे काढण्यासाठी पेशींना दोन चमकते रंग लावून फ्लो सायटोमीटर यंत्रातून एकेक करून सोडतात. एचएल-६० सारख्या पेशींच्या बाबतीत तिसरीही शक्यता असते, ती म्हणजे पेशी न मरता प्रौढ होते आणि विभागणे आपोआप थांबवते. यांशिवाय एकाच अर्काला जर्कॅट लगेच बळी पडते आणि के-५६२ ढिम्म राहते असे पुष्कळदा दिसते, कारण के-५६२ मध्ये दोन गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून जन्मलेले एक दोषी प्रथिन तिला मरणापासून राखत असते. म्हणून एकाच लाइनवरचा निष्कर्ष मी अर्धाच मानते.

यानंतर येणारा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच बातमीत गाळलेला असतो: चांगल्या पेशींचे काय? निरोगी दात्याच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून त्यांवर तोच अर्क घालतात आणि दोन आयसी-५० ची तुलना करतात. दोन्ही आकडे सारखे आले तर सापडले ते औषध नव्हे, विष. यातही एक खोच आहे. रक्तात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी विश्रांती घेत असतात, विभागत नसतात, त्यामुळे विभागणीवर घाव घालणाऱ्या अर्कासमोर त्या उगीचच सुरक्षित दिसतात; त्यांना आधी विभागायला लावून मग तुलना केली तरच ती प्रामाणिक होते.

मात्रेचा हिशेब तर कागद-पेन्सिलीने घरी करता येईल असा आहे. अर्काचा आयसी-५० मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम आहे असे धरू. प्रौढ माणसात सुमारे ५ लिटर, म्हणजे ५,००० मिलिलिटर रक्त असते, तेव्हा तेवढी दाटी येण्यासाठी २५० मिलिग्रॅम अर्क एकाच वेळी रक्तात असायला हवा, तो रक्ताबाहेर कुठेही न जाता, यकृताने न फोडता, मूत्रपिंडांनी न काढता ४८ तास तसाच राहायला हवा, आणि एवढे करून फक्त निम्म्या पेशी मरणार. तोंडाने घेतलेल्या वनस्पतिज घटकांचा मोठा भाग आतड्यातून आत शिरतच नाही. हळदीतल्या कर्क्युमिनचे उदाहरण प्रसिद्ध आहे: रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिल्यावरही रुग्णांच्या रक्तात त्याची सर्वाधिक पातळी सरासरी २ मायक्रोमोलरच्या आसपासच राहिली, आणि प्लेटवर तर १० ते ५० मायक्रोमोलर सर्रास वापरतात. हळदीने प्लेटवर मारलेल्या पेशींची गणती नाही, पण तेवढ्याने ती अजून औषध झालेली नाही.

मग यातून कधी काही निघतच नाही का? निघते, आणि त्याचे उदाहरण दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात तेलाच्या डब्यात वाढत असे. सदाफुलीला वडोदऱ्यात बारमासी म्हणतात. आमचे आजोबा रक्तातल्या साखरेवर म्हणून तिची पाने चावत. असाच समज जमैका बेटावरही होता. तिथून १९५२ मध्ये एका डॉक्टरने सदाफुलीची २५ पाने पाकिटात घालून कॅनडातल्या क्लार्क नोबल यांना पाठवली आणि त्यांनी ती आपले संशोधक बंधू रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. रॉबर्ट यांनी पानांचा अर्क उंदरांना तोंडाने दिला, तेव्हा साखर काही उतरली नाही. टोचून दिला, तेव्हाही साखर उतरली नाही, पण उंदीर जंतुसंसर्गाने पटापट मेले, आणि तपासले तर त्यांच्या पांढऱ्या पेशी नाहीशा झालेल्या आणि अस्थिमज्जा ओस पडलेली होती. निराश होऊन पाकीट फेकण्याऐवजी त्यांनी विचार केला की जो पदार्थ पांढऱ्या पेशी नाहीशा करतो तो पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर चालेल. रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बिअर यांच्याबरोबर त्यांनी त्यातले व्हिन्ब्लास्टिन वेगळे काढून १९५८ मध्ये जाहीर केले. त्याच सुमारास एली लिली या कंपनीतले शास्त्रज्ञही याच वनस्पतीवर काम करत होते आणि ल्युकेमिया झालेले त्यांचे उंदीर अर्काने जास्त जगत होते. त्यांना पुढे व्हिन्क्रिस्टिन मिळाले, ज्याला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली. या दोन रेणूंत एका टोकाला मिथाइल गट की फॉर्मिल गट एवढाच फरक आहे, आणि तेवढ्यावरून मुलांच्या तीव्र ल्युकेमियावर व्हिन्क्रिस्टिन चालते. पेशी विभागताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणारे प्रथिनांचे दोर ते वळूच देत नाही.

दुसरे उदाहरण खानदेशाशी जोडलेले आहे. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत एका चिनी झाडाच्या अर्कावर काम करत होते. ल्युकेमियाचे उंदीर त्या अर्काने जास्त दिवस जगतात का, हे प्रत्येक पायरीवर पाहत पाहत त्यांनी कॅम्प्टोथेसिन हा घटक शोधला आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. तोच घटक पुढे सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही सापडला, आणि मग नरक्याची एवढी तोड झाली की ते झाडच संकटात आले. मूळ कॅम्प्टोथेसिन रुग्णांना सोसवले नाही. त्यात फेरफार करून बनवलेली दोन औषधे बाजारात येईपर्यंत १९९६ उजाडले, म्हणजे शोधापासून तीस वर्षे गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात वनस्पतींचे १,१४,००० अर्क तपासले, आणि त्यांतून रुग्णालयापर्यंत पोहोचलेली ठळक घराणी दोनच, एक टॅक्सॉल या कर्करोगाच्या औषधाचे आणि दुसरे कॅम्प्टोथेसिनचे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या शेजारच्या काकूंनी मला थांबवले. त्यांच्या सहा वर्षांच्या नातवावर तीव्र लिम्फॉइड ल्युकेमियाचे उपचार चालू आहेत. 'अगं, त्याला जे इंजेक्शन देतात ते आपल्या बारमासीपासूनच करतात म्हणे,' त्या म्हणाल्या, 'मग रोज दोन फुलं चावायला दिली तर काय बिघडलं? सुईचं दुखणं तरी वाचेल.' मी त्यांच्या ओट्यावर बसून हिशेब मांडला. व्हिन्क्रिस्टिनची मात्रा शरीराच्या पृष्ठभागावरून ठरते, चौरस मीटरला साधारण १.५ मिलिग्रॅम, आणि एका वेळी २ मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत. वीस किलोच्या मुलाचा पृष्ठभाग पाऊण चौरस मीटरहून थोडा जास्त, ०.८ च्या आसपास भरतो, म्हणजे एका वेळचे १.२ मिलिग्रॅम झाले. १ ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन हाती लागायला सदाफुलीची निदान ५०० किलो वाळलेली पाने लागतात, तेव्हा १.२ मिलिग्रॅमसाठी निदान ६०० ग्रॅम वाळलेली पाने लागतील. त्या पानांत याखेरीज अल्कलॉइड नावाची शंभराहून अधिक जोरकस रसायने असतात, काही रक्तदाब उतरवणारी, आणि ती सगळी बरोबर पोटात जातील. शिवाय नोबल यांच्या उंदरांना तोंडाने दिलेल्या अर्काने काही झाले नव्हते, म्हणून तर हे औषध शिरेतूनच देतात, आणि तेही फक्त शिरेतूनच, कारण चुकून पाठीच्या कण्यात गेले तर ते जीव घेते.

काकूंनी डब्यातल्या रोपाकडे पाहिले. 'सहाशे ग्रॅम वाळलेला पाला म्हणजे ओला तीन-चार किलो तरी हवा,' त्या म्हणाल्या, 'अख्ख्या दांडिया बाजारातली बारमासी ओरबाडली तरी एका सुईची व्हायची नाही.' मग त्यांनी खुडलेली चार फुले परडीत ठेवली, आतून नातवाची फाइल आणली आणि पुढची तारीख गुरुवारची लिहिली आहे की शुक्रवारची ते जरा वाचून सांग म्हणाल्या.